वेगाची सबब

‘छापील कागदावरची चूक दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहायची. पोर्टलवरची चूक पाच मिनिटांत दुरुस्त होते. मग खातरजमेसाठी बातमी अडवून कशाला ठेवायची? आधी टाका, चुकलीच तर बदला.’ पत्रकारितेच्या वर्गांत, परिसंवादांत आणि वेबडेस्कवर हे आता इतक्या सहज बोलले जाते की या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना तो नियमच वाटू लागला आहे. त्याला जोडून आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. वाचकालाच हे हवे असते. हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण आता पत्रकार आहे, तेव्हा पत्रकारांची वेगळी आचारसंहिता कालबाह्य झाली. आणि जुनी पत्रकारिता तरी कुठे एवढी सोवळी होती?

या चारही म्हणण्यांत थोडेफार तथ्य आहे, म्हणून तर ती टिकून आहेत. पण त्यांतून निष्कर्ष असा काढला जातो की खातरजमा, दुसऱ्या बाजूला विचारणे, माणसाच्या खासगीपणाचा मान राखणे ही सारी कागदाच्या जमान्यातली चैन होती, आज ती परवडत नाही. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. त्याची किंमत माध्यमांना उशिरा मोजावी लागते. ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांना ती त्याच दिवशी मोजावी लागते.

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीचे उदाहरण घ्या. विक्रम गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अत्यवस्थ होते आणि त्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी सर्वत्र झळकली. नामवंत कलावंतांनी समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली, पोर्टलांनी त्या श्रद्धांजलींच्याही बातम्या केल्या. ते जिवंत आहेत, उपचार सुरू आहेत, हे शेवटी कुटुंबीयांना सांगावे लागले. गोखले गेले ते २६ नोव्हेंबरला. तीन वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, धर्मेंद्र यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. या वेळी हेमा मालिनी आणि ईशा देओल यांना जाहीर खुलासा करावा लागला. धर्मेंद्र यांचे निधन झाले २४ नोव्हेंबरला. पहिल्या प्रसंगातून कोणी काही शिकले असते, तर दुसरा घडला नसता.

‘पण आम्ही लगेच दुरुस्ती केली’ असे यावर सांगितले जाते. दुरुस्ती कशाची केली? मथळ्यातले ‘निधन’ काढून तिथे ‘प्रकृती चिंताजनक’ घातले, पहिला परिच्छेद फिरवला, लिंक तीच ठेवली. ज्याने मूळ बातमी वाचून फोन खिशात टाकला, त्याच्यापर्यंत हा बदल पोचण्याची वाटच नव्हती. चुकीच्या बातमीचे नोटिफिकेशन लाखो फोनवर वाजते, दुरुस्तीचे सहसा वाजत नाही. व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरणारा स्क्रीनशॉट तर कधीच दुरुस्त होत नाही. आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसांना, आपला माणूस आत श्वास घेत असताना, सांत्वनाचे फोन घ्यावे लागतात. त्या फोनांची दुरुस्ती कोणत्या बटणाने होते?

छापील वृत्तपत्राचा खुलासा आतल्या पानावर, बारीक टायपात, कधी कधी नाखुशीने यायचा, हे मान्य. पण तो यायचा. वाचनालयाच्या फाइलमध्ये चूकही राहायची आणि चुकीची कबुलीही राहायची. दहा वर्षांनी कोणी अभ्यासक ती फाइल उघडेल तेव्हा त्याला दोन्ही सापडतील. पोर्टलवर गुपचूप मजकूर बदलला की चूक झाली होती याचाच पुरावा पुसला जातो. म्हणजे ज्या सोयीला आपण पारदर्शकता म्हणतो आहोत, ती वापरून प्रत्यक्षात जबाबदारी नाहीशी केली जाते. दुरुस्ती झटपट करता येते, हे खरे. पण आपल्याकडची बहुतेक पोर्टले ती झाकून करतात, आणि झाकून केलेल्या बदलाला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

खोटे आधी पोचते आणि खरे मागून जाते, हे आता केवळ अनुभवाचे बोल राहिलेले नाहीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला आणि २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. आणि हे यंत्रांच्या खोडसाळपणामुळे होत नव्हते, माणसेच ते करत होती. म्हणजे ‘आधी टाका, मग बदला’ म्हणणारा उपसंपादक नकळत असे कबूल करत असतो की चूक वेगाने जाऊ द्या आणि दुरुस्ती जमेल तेव्हा जमेल तिथे पोचू द्या.

काही चुका तर दुरुस्त होतच नाहीत. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख एकदा उघड झाली की ती परत झाकता येत नाही. कठुआतल्या आठ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कारणासाठी बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. कायदा त्या संस्थांना ठाऊक नव्हता असे नाही. पण त्या मुलीचे नाव आणि छायाचित्र आधीच सगळीकडे फिरत होते आणि ‘सगळ्यांनीच दिले आहे’ हे कारण त्यांना पुरेसे वाटले. मे २०२५ मध्ये सीमेपलीकडून झालेल्या तोफांच्या माऱ्यात पूंछमधले एक मदरशातले शिक्षक मारले गेले. आपल्याच देशाचा नागरिक, शत्रूच्या माऱ्यात मेलेला. काही वाहिन्यांनी आणि त्यांच्या ऑनलाइन शाखांनी त्यांना दहशतवादी म्हणून दाखवले. जिल्हा पोलिसांना निवेदन काढून त्याचे खंडन करावे लागले. त्याच दिवसांत एका रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या आणि इस्लामाबाद पडल्याच्या बातम्याही आल्या होत्या. त्या सकाळपर्यंत विरून गेल्या. पूंछमधल्या त्या घरात मात्र दुखवट्याच्या काळात आपला माणूस दहशतवादी नव्हता हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि जगाला पटवून द्यायची वेळ आली.

वेग मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. वेगाची खरी गरज कुठे असते ते कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला विचारावे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट आहे, कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, कोणता रस्ता बंद झाला, हे पावसाळ्यात तासातासाला कळावे लागते. तिथे ऑनलाइन पत्रकारितेने केलेली सेवा छापील कागदाला कधी जमलीच नसती. पण पाहा, तिथे वेगाइतकाच आकडाही बरोबर असावा लागतो. इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. मधल्या चार फुटांतच माणूस ठरवतो की गुरे सोडायची, धान्य माळ्यावर टाकायचे की घर सोडून निघायचे. चुकीचा आकडा घाईने देणाऱ्याला तिथे कोणी ‘बातमी पहिल्यांदा आम्ही दिली’ म्हणून शाबासकी देत नाही. जिथे वेग खरोखर जीव वाचवतो तिथेही खातरजमा सुटत नाही, आणि अभिनेत्याच्या निधनाची बातमी दोन तास उशिरा आल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. मग घाई नेमकी कोणासाठी आहे?

ती वाचकासाठी आहे, असे उत्तर येते. वाचक हेच उघडतो, वाचकाला हेच आवडते, आम्ही फक्त त्याची मागणी पुरवतो.

हे उत्तर मला सर्वांत अप्रामाणिक वाटते. ‘मराठी सिनेसृष्टीवर शोककळा, प्रसिद्ध अभिनेत्याचं निधन’ असा मथळा रोज कुठे ना कुठे दिसतो. कोण गेले ते मथळ्यात लिहायचे नाही, छायाचित्रही धूसर करून टाकायचे, म्हणजे नाव कळण्यासाठी माणसाला पान उघडावेच लागते. हा मथळा वाचकाने मागितलेला नाही. कोण गेले हे वाचकाला हवे आहे, आणि मथळा नेमके तेच त्याच्यापासून लपवतो आहे. मथळ्याचे काम बातमी सांगणे, हे पत्रकारितेच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे मथळ्याला बातमी दडवण्याच्या कामाला लावले आहे, आणि तेही कोणाच्या तरी मरणाच्या बातमीत. ‘धक्कादायक’, ‘नेटकरी संतापले’, ‘पाहून व्हाल थक्क’ ही त्याचीच भावंडे. कोणा दोघा-तिघांनी कुठल्या पोस्टखाली काही खरडले की ‘नेटकरी संतापले’ होते. त्यात नेटकरी किती आणि संतापले किती, हे मोजायची कोणाला गरज वाटत नाही.

जाहिरातीचा पैसा पान किती वेळा उघडले त्यावर मिळतो. उघडणारा माणूस ते वाचून शहाणा झाला, फसला की चिडून निघून गेला, याला त्या हिशेबात रकाना नाही. वेबडेस्कवरच्या मुलाला दिवसाचा बातम्यांचा कोटा असतो. बाहेर जायला वेळ नसतो, फोन लावायलाही नसतो. तो दुसऱ्या पोर्टलवरची बातमी उचलून शब्द फिरवतो, तिसरा त्याच्यावरून लिहितो, आणि चौथा ‘अशी माहिती समोर आली आहे’ असे लिहून मोकळा होतो. माहिती कोणासमोर आली, कुठून आली, कोणी पाहिली, याचा माग काढत गेलात तर पुष्कळदा एकच नाव न दिलेली पोस्ट सापडते. चार ठिकाणी आल्यामुळे ती चार पुराव्यांसारखी दिसते. या मुलांना मी दोष देत नाही. ज्यांनी तो कोटा ठरवला आणि मग ‘वाचकालाच हे हवे’ असे व्यासपीठावरून सांगितले, त्यांना देतो.

आणि समजा, वाचकाला खरोखरच हे हवे असले तरी? १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मुंबईत मृत्यू झाला. मृतदेहाची छायाचित्रे इतकी फिरली की महाराष्ट्र सायबरला ती पसरवू नका, असे जाहीरपणे बजावावे लागले. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्येच स्वीकारली होती. पद्धतीचे वर्णन करू नये, कारण एकच सांगू नये, सनसनाटी करू नये. ही तत्त्वे दुसऱ्या जीवांना धक्का लागू नये म्हणून आहेत. ती सगळी पायदळी गेली. पुढचे कित्येक महिने त्या मृत्यूचा ठपका ठेवून एका तरुणीवर रोज पडद्यावर खटला चालला. तो लोकांनी मोठ्या संख्येने पाहिला, यात शंका नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा समांतर खटल्यांनी तपासात आणि न्यायदानात ढवळाढवळ होते, असे बजावून माध्यमांना मर्यादा आखून दिल्या. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. कोणी घातपात केल्याचा पुरावा सापडला नाही. लोकांना पाहायला आवडले म्हणून त्या तरुणीवरचा आरोप खरा ठरला नाही.

२०२० मधलीच दुसरी गोष्ट मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठातली आहे. तबलिगी जमातसाठी आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द करताना न्यायालयाने, या लोकांना बळीचा बकरा केले गेले आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, अशा आशयाचे कडक मत नोंदवले. करोनाची साथ पसरवणारे हेच, असे सांगणाऱ्या बातम्या त्याआधी किती पोर्टलांवर, किती गटांत फिरल्या होत्या ते आठवा. आणि निकालाची बातमी तुमच्यापर्यंत किती गटांतून आली तेही आठवून पाहा.

आता चौथे म्हणणे घेतो, कारण त्यात सर्वांत जास्त बळ आहे. जुनी पत्रकारिता सोवळी नव्हती. बरोबर आहे, नव्हतीच.

१८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले आणि थोड्याच काळात टिळक-आगरकर खटल्यात सापडले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराजे यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण बर्वे आहेत, अशी टीका दोन्ही पत्रांनी केली होती. आधाराला बर्व्यांची म्हणून सांगितली गेलेली पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

या प्रकरणाकडे आपण देशभक्तीची पहिली तुरुंगवारी म्हणून पाहतो. पत्रकाराने ते आणखी एका कारणासाठी वाचायला हवे. टिळक-आगरकरांचा हेतू निर्मळ होता. महाराजांविषयीची त्यांची काळजीही निराधार नव्हती. शिवाजीराजे पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना, डिसेंबर १८८३ मध्ये, इंग्रज पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर गेले. म्हणजे मूळ गोष्टीत दम होता. पण हाती आलेले कागद खोटे निघाल्याने न्यायालयात खऱ्या प्रश्नाची बाजूच लंगडी पडली आणि ज्यांना प्रश्न विचारायचे होते तेच फिर्यादी झाले. सुटकेच्या दिवशी लोकांनी दोघांचे वाजतगाजत स्वागत केले. त्या स्वागताने पत्रे खरी झाली नाहीत. आज ‘आमची भूमिका योग्य होती, तपशील चुकला’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावे. योग्य भूमिकेचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या बाजूने दिलेल्या खोट्या पुराव्यानेच होते. आणि बनावट पत्र लिहायला १८८१ मध्ये निदान अक्षराची नक्कल करणारा कसबी माणूस लागे. आज कोणाचाही आवाज आणि चेहरा घरबसल्या बनवता येतो. खातरजमेची गरज यामुळे कमी झाली, असे कोणत्या तर्काने म्हणायचे?

जुन्या पत्रकारितेचे दोष दाखवायचेच तर मी आणखी दाखवतो. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी भारतीय वृत्तपत्रसृष्टीवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. ही एके काळी वृत्ती होती, आता ती धंदा झाली आहे आणि साबण तयार करण्याइतकेच तिला नीतीशी देणेघेणे उरले आहे, असा त्यांचा आरोप होता. त्या वेळी पोर्टल नव्हते आणि क्लिकही नव्हते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका बड्या नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. पैसे घेऊन बातमी छापण्याच्या या रोगावर वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने अहवाल लिहिला, पण तो उघड करायलाही परिषद तयार होईना. हे सगळे कागदावर घडले, आणि कागदाच्या मोठ्या नावांनी घडवले.

पण यातून काय सिद्ध होते? मूल्ये पाळली गेली नाहीत, एवढेच. मूल्ये नको होती, असे सिद्ध होत नाही. आंबेडकरांनी वृत्तपत्रांना सैल व्हायला सांगितले नव्हते. ती नीतीला सोडून गेली, हीच त्यांची तक्रार होती. त्यांना आणि त्यांच्या समाजाला दाराबाहेर ठेवले ते जातीने आणि भांडवलाने, खातरजमेच्या नियमाने नव्हे. ऑनलाइन माध्यमांनी ती दारे काही प्रमाणात उघडली, याचा मला मनापासून आनंद आहे. आज पारधी वस्तीतली मुलगी किंवा मेळघाटातला तरुण संपादकाच्या कृपेवाचून आपली गोष्ट सांगू शकतो. पण त्यांच्याविषयी खोटे पसरवायलाही तेच दार उघडे आहे, आणि त्या खोट्याला उत्तर द्यायला त्यांच्याकडे ना वकील असतो ना पीआर कंपनी. नीतिनियम सैल झाले की सर्वांत आधी तोटा होतो तो अशा माणसांचा.

‘प्रत्येक जण पत्रकार’ या घोषणेकडे यासाठीच सावधपणे पाहायला हवे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या आठवड्यांत व्हॉट्सॲपवर जोरात होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. शेवटचा मार तर त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसला. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात पुन्हा अफवा, पुन्हा जमाव, पुन्हा तीन बळी.

यावर मित्र म्हणतात, की व्हॉट्सॲप म्हणजे पत्रकारिता नव्हे, त्याचा बोजा आमच्यावर का टाकता? माझे उत्तर आहे की फरक आहे, हे आता तुम्हीच मान्य केलेत. मोबाइलवरून संदेश पाठवणे आणि पत्रकारिता करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट एकच आहे: पाठवण्याआधी विचारणे. ती काढून टाकली तर फरक उरत नाही. आणि बोजा मी अशासाठी टाकतो की अफवा मोडायचे काम पत्रकारच करू शकला असता. टोळीची अफवा तालुक्यात आठवडाभर फिरते, तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन एकही मूल बेपत्ता झाल्याची नोंद आहे का हे विचारून, ते ठळकपणे सांगायला तालुक्याचा वार्ताहर लागतो. त्या वार्ताहराची अवस्था काय आहे? मानधन तुटपुंजे, कित्येकदा नावापुरते. वर पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा करायच्या त्यानेच. ज्या आमदाराकडे, ज्या कारखान्याच्या अध्यक्षाकडे वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचे, त्याच्याच कारभाराची बातमीही त्यानेच द्यायची. मोबाइल आल्यावर त्याच्यावर व्हिडिओ काढण्याचे आणि लाइव्ह करण्याचे कामही आले, पगार मात्र आला नाही. खातरजमा परवडत नाही, असे म्हणणाऱ्या मालकांनी आधी या माणसाच्या पगाराचा आकडा सांगावा.

मग सरकारने लगाम घालावा काय? चांगल्या हेतूने विचारणारे पुष्कळ आहेत. माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने डिजिटल माध्यमांसाठी नियम आणले, त्यांत नीतिसंहिता पाळण्याची सक्ती होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या सक्तीला स्थगिती दिली. २०२३ मध्ये केंद्राने आणखी पुढे जाऊन, सरकारी कारभाराविषयीची माहिती खोटी आहे की खरी हे सरकारचाच एक कक्ष ठरवेल, अशी दुरुस्ती केली. तीही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली. दोन्ही वेळा न्यायालयाने योग्यच केले. ज्याच्या कारभाराची बातमी आहे त्यानेच तिचा खरेखोटेपणा ठरवायचा, ही कल्पना लोकशाहीत बसत नाही. पण स्वनियमनाचे काय झाले तेही पाहा. वृत्तपत्र परिषदेला १९७८ च्या कायद्याने दिलेला अधिकार छापील पत्रांपुरता, आणि तोही समज देण्यापुरता. वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेचा दंड २०२३ मध्ये जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या रकमेचा कोणाला धाक वाटेल काय, अशी विचारणा केली, ती उगाच नव्हती. ‘आधी टाका, मग पाहू’ म्हणणारे संपादक सरकारी सेन्सॉरला विरोध करतात तेव्हा मी त्यांच्या बाजूने उभा राहतो. पण सेन्सॉरच्या समर्थकांना रोज नवा दाखला पुरवण्याचे कामही तेच करत असतात, हे त्यांना सांगणे मला भाग आहे.

म्हणून मागणी सरकारकडे नाही, संपादकांकडे आहे, आणि ती अवघड नाही. चूक ज्या फोनवर वाजली, दुरुस्तीही त्याच फोनवर वाजली पाहिजे. मजकूर बदलला तर काय बदलले, का बदलले आणि किती वाजता बदलले, हे बातमीखाली लिहिले पाहिजे. मृत्यूची बातमी कुटुंबाने किंवा रुग्णालयाने सांगितल्याशिवाय देऊ नये, आणि दिली तर गेलेल्या माणसाचे नाव मथळ्यात असावे. ‘वेबडेस्क’ या आडोशाऐवजी लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव द्यावे. तालुक्याच्या वार्ताहराच्या गळ्यातून जाहिरातींची झोळी काढून घ्यावी. यांतल्या पहिल्या चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, त्या उद्या सकाळपासून करता येतील. पाचवीला लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

वाचकांना एकच विनंती आहे. चुकीची बातमी दिसली की गटात हळहळून थांबू नका, संपादकाला नावानिशी पत्र पाठवा, दुरुस्ती कुठे आणि कधी दिली ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि जिच्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नाही, जिच्यात माहिती कोणी दिली याचा पत्ता नाही, अशी बातमी कोणीही पाठवलेली असो, पुढे पाठवू नका.